सुराखालचं टिंब

शुक्रवारी सकाळी, मुहर्रकची दुकानं उघडायच्या आत,
मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरते.
पाच रेघा, पुन्हा पाच रेघा.
आठवडाभर शिपिंगची बिलं, आणि सुट्टीला ही हौस.

खालच्या वाद्यांचं भारी लचांड असतं.
वरची मंडळी सरळ. व्हायोलिन, बासरी,
एक क्लेफ दिला की जन्माला पुरतो.
खालच्यांचं प्रत्येकाचं घराणं वेगळं.

इसागानी दिवसा क्रेन चालवतो, रात्री युफोनियम.
त्याला ट्रेबल क्लेफ लागतो, गावच्या बँडात तसाच शिकला.
म्हणजे दिसतं त्याच्या एक सप्तक आणि वर एक पायरी
खाली वाजतं.
बास क्लेफ दिला तर कागद परत करतो:
ताई, हे दुसऱ्या कुणाचं पत्र आलंय.

गादाचा चेलो खाली असेस्तोवर बास क्लेफ,
वर चढला की टेनर.
पण दोन मापांपुरता बदलायचा नाही, तिनं बजावलंय.
जिना चढताना कुणी चष्मा बदलतं का?

आणि कायतान. डबल बास, एसी दुरुस्ती.
त्याचं सगळं एक सप्तक वर लिहायचं,
नाहीतर जादा रेघांची शिडी
खालच्या ओळीच्या डोक्यावर उतरते.
"घरच्या फोनसारखं," तो एकदा म्हणाला,
"सांगायचं वरच्या पट्टीत."
मग बराच वेळ गजाला राळ घासत बसला.

यंदा शाळेच्या हॉलमध्ये बू राशिद येणार.
बाप मोत्यांच्या बोटीवर, हा टगवर फिटर.
त्यानं माझ्या घरी बसून तो घुमारा दिला,
ओठ जवळजवळ मिटलेले.
इस्तिकानातला चमचा
आपोआप काचेला लागला.
ट्यूनरचा काटा थोडा हलला आणि पडून राहिला.

असेल गादाच्या सगळ्यांत जाड तारेजवळ कुठेतरी.
तारेवर मात्र नाही.
मी जवळचा सूर धरला आणि वाटला:
गादाला खाली दोन जादा रेघांवर,
इसागानीला चार रेघांना लटकलेला,
कायतानला रेघांच्या आत, दुसऱ्या घरात, ऐसपैस.
तीन कागद, तीन पत्ते, माणूस एकच.

बू राशिदनं तिन्ही कागद ओळीनं लावले.
तोडक्या हिंदीत म्हणाला, इसमें मैं किधर?
मी तिन्ही ठिकाणं दाखवली.
त्यानं मान हलवली, आणि बोट
सगळ्या रेघांच्या खाली, कोऱ्या जागेवर ठेवलं.
इधर.

तो गेल्यावर मला इचलकरंजीचा पेटीचा क्लास आठवला.
तिथे क्लेफ नव्हता, शिडी नव्हती.
मंद्रातला सूर असला की
अक्षराखाली एक टिंब.
म्हणून मी, कुणाला न विचारता,
त्या प्रत्येक सुराखाली पेन्सिलीनं एक टिंब दिलं.

मंगळवारी तालीम.
बू राशिदनं श्वास भरला, सूर सोडला,
आणि तिघांनी एकदम
हुप्. हुप्. हुप्.
तुटक.

मी हात वर केला, वादन थांबलं.
कायताननं गजाच्या टोकानं कागद दाखवला:
खाली टिंब आहे ना?
टिंब म्हणजे सोडून द्यायचा.

त्यांच्या शाळेत टिंब म्हणजे तोडा.
माझ्या शाळेत टिंब म्हणजे आणखी खाली.
चूक कुणाचीच नव्हती, पण खोडायचं मलाच होतं.

बू राशिद खुर्चीवर टेकला, पाणी प्याला.
"समुंदर में ऐसा होता था," म्हणाला,
"कोई कोई जल्दी ऊपर आता था."
गादा हसली. कायतान नाही.

मी खोडरबर फिरवलं, तिन्ही कागदांवर,
बारा मापं, चुरा फुंकून टाकला.
मग एका सुरापासून पुढच्या सुरापर्यंत,
तिथून त्याच्या पुढच्या,
वाकड्या रेघा ओढत गेले,
म्हणजे श्वास कुठे संपतो
ते कागदाला कळू नये.